फोटोच्या खिळ्यावर कॅलेंडर

अहो,

उद्या ते लोक घर बघायला दुसऱ्यांदा येणार आहेत. त्याआधी तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. गेल्या रविवारी मी तुम्हाला भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं होतं. माझ्या पुस्तकांच्या कप्प्यात, टॉवेलात गुंडाळून. टॉवेल तुमच्याच कारखान्यातला, कोरा. पण कपाट ते कपाटच!

घर का विकतेय ते तुम्हाला ठाऊक आहे. पाचव्या दिवशी पाणी येतं. पाइप ओढा, हौद भरा, पिंपं भरा. गुडघे आता ऐकत नाहीत. लेकीच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळतायत, पण तो माणूस महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. तोवर आपलं घर जायला हवं.

एजंट म्हणून दिलीप नावाचा एकजण येतो. बैलाचे दात बघावेत तसं त्यानं आपलं घर बघितलं.

"मावशी, पिंपं गच्चीवर न्या. भिंतीला एक हात मारून घ्या. आन काकांना आत ठिवा."

"का रे?"

"हार घातलेला फोटो दिसला की गिऱ्हाईक चप्पल बी काढत न्हाय. दारातनंच माघारी जातंय. आन कुणी इचारलंच तर दवाखान्यात गेले म्हणायचं. घरात गेले म्हनू नका."

मी त्याच्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. तुम्ही असतात तर एवढ्यावरनंच ओळखलं असतंत.

साफसफाईला मात्र चार दिवस गेले. फडताळातले जुने पेपर काढायचे आणि तिथंच बसून वाचायचे. मला कुणी शाळेत घातलं नाही. मी वाचायला शिकले ते डब्यांखाली अंथरलेल्या पेपरांवरूनच. "अगं, भांडी लावतीयास का बातम्या बघतीयास?" असं म्हणायचात ना? या वेळी कुणी म्हणालं नाही, म्हणून तर चार दिवस लागले.

तुम्हाला उतरवलं तेव्हा शेजारची पद्माक्का दारातच उभी होती. "नवऱ्याला कोंडून घालतीस व्हय गं? जित्तेपणी जमलं न्हाय ते आता?" म्हणाली. मी हसले. मग स्टुलावरून उतरून तुम्हाला टॉवेलात गुंडाळलं.

तो खिळाही तुमचाच. घड्याळासाठी ठोकला होतात, इतक्या वर! सेल बदलायला दर वेळी स्टूल लागायचं. किती भांडले मी त्यावरून! पुढं घड्याळ बंद पडलं आणि त्याच खिळ्यावर तुम्ही आलात. रंगाचा हात काही जमला नाही, म्हणून आता तुम्हाला काढल्यावर भिंतीवर पांढरा चौकोन उरला. तो झाकायला मी त्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. वाटलं, झालं काम.

रविवारी गिऱ्हाईक आलं: मुलगा, सून आणि मुलाची आई असे तिघं. मुलगा हौदात वाकून बघत होता, सून ओट्याला वीत लावून मोजत होती. म्हातारी मात्र बाहेरच्या खोलीत उभी राहून वर बघत होती.

"बाई, कॅलेंडर एवढ्या वर? दुधाचं खाडं कशानं लिवतीस, काठीनं?"

ती जवळ गेली. कॅलेंडरच्या कडेनं पांढरी भिंत दिसत होती.

"हितं मालकाचा फोटू हुता न्हवं?"

"व्हय," म्हणाले.

"कुटं गेलं? दवाखान्यात?"

दिलीप मागून मला डोळ्यानं खुणावत होता. मला तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या दिसत होत्या. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणाले,

"न्हाय. हितंच गेले. या पंख्याखाली, खुर्चीत, दुपारी. मी आत भाकरी थापत होते."

ताट वाढू का विचारलं, तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मला वाटलं, रुसलात. दोन भाकऱ्या करून मग बाहेर आले. त्या दोन भाकऱ्या मला अजून गिळता येत नाहीत. आणि सकाळची गोळी? "घेतली की!" म्हणालात. पुडीत तशीच होती. का खोटं बोललात हो?

सून पुढं आली. "आई, चला, उशीर हुतोय."

म्हातारी हलली नाही. "मग आत का ठिवलंस त्यास्नी? आण भाईर."

मी तुम्हाला आणलं. तिनं पदरानं काच पुसली. म्हणाली, "आमचं मालक दोन वर्सं ट्रंकेत हायेत. भाड्याच्या घरात खिळा ठोकू देत न्हाईत." मग वर बघत म्हणाली, "दणकट हाय की खिळा."

एवढंच बोलली आणि तिघं गेले. दिलीप जाम चिडला. "मावशी, हातातलं गिऱ्हाईक घालवलंत!" तीन दिवस काही निरोप नव्हता. आज त्याचा फोन आला: उद्या ते परत येतायत, अजून काही ठरलेलं नाही, सुनेचं मन घेत नाही. "ह्या खेपेला तरी काकांना आत ठिवा."

नाही ठेवणार. म्हातारीला घर पटेल, सुनेला पटणार नाही, काहीही होवो. उद्या तुम्ही भिंतीवर असाल आणि जे विचारतील ते मी खरं सांगेन. नाहीच जमलं, तर पाइप ओढेन अजून काही दिवस.

आणि जमलं, तर तुम्हाला नेईन, खिळा तिथंच ठेवीन. दुसऱ्या घरात तुमच्यासाठी खिळा मी ठोकणार आहे, माझा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. तुमची काच पुसायला यापुढं मी स्टुलावर चढणार नाही.

तुमची,
शालन