पोचपावतीवरची सही

अंबरनाथ,
१४ जुलै १९९३

ती. हिरामणमामांस,

कमळाकरचा सविनय जयभीम. आमच्या पत्र्यावर चढून धरलेला तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे ठीक, मिक्सर सोडून.

तो चालू केला की गप्प बसतो आणि बटण बंद केलं की फिरतो. (आईने दोनदा भिंतीवरून चटणी पुसली.) बाबांनी जन्मभर शिपाईगिरी केली ती कंपनी, म्हणून कौतुकाने तिथलाच घेतला. बदलून देईनात, तेव्हा ठाण्याच्या ग्राहक मंचात दावा लावला. (तुम्ही आठवड्यातून एकदा कंपनीच्या ऑफिसात झाडलोटीला जाता, उगाच अडचणीत याल म्हणून बोललो नाही.) वकील म्हणाले, नोटीस डायरेक्टरच्या नावाने काढा. कागद काढले तर डायरेक्टर कोण? आपले बाबा! चहा आणायला पाठवावं तितक्या सहज शेठने कधीतरी त्यांची सही घेतलेली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली म्हटलं, तर वकील म्हणाले, हरकत नाही, प्रायव्हेट लिमिटेडला शरीर नसतं आणि मरणही नसतं. म्हणजे मी सरळ भुतावरच दावा लावला होता.

आठ दिवसांनी नोटिशीची पोचपावती आली. सही 'सुदाम', बाबांचीच, खाली त्यांची ती दोन टिंबं. पावती खिशात घालून निघालो. कॅम्प एकला कंपनीच्या ऑफिसवर पोचलो, तर कुलूप. खिडकीतून पाहिलं, टेबलावर चहाचा ग्लास आणि त्यातून वाफ निघतेय. शेजारचा पापडवाला म्हणाला, "सुदाम? अरे साईं, अभी तो नीचे उतरा." जिन्यात मला कोणीच भेटलं नव्हतं.

मी दावा मागेच घेणार होतो. पण आईने ती पावती हातात घेतली, सहीवरून बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाली, "मिक्सर मरू दे. अजून एक नोटीस धाड." आता तिच्या उशाखाली तीन पावत्या आहेत. चार वर्षांत पहिल्यांदा ती कोणाची तरी वाट बघते आहे, मामा, मग तो पोस्टमन का असेना. मला ते बघवत नाही आणि मोडवतही नाही.

तुमचा भाचा,
कमळाकर

ता.क. खरं काम हे. तुम्हाला सही बाबांनीच शिकवली, पाटीवर स्वतःची गिरवायला देऊन, टिंबांसकट. शेठ सांगत असेल म्हणून पावत्यांवर बाबांची सही तुम्हीच करत असाल. मी रागावलेलो नाही, करत राहा. फक्त २२ तारखेला निकाल लागला तर नोटिसा संपतील. त्या दिवशी कंपनीतर्फे तुम्ही उभे राहा आणि पुढची तारीख मागा.

ता.क. २. पाकीट चिकटवता चिकटवता चौथी पावती आली. सही तीच, तारीख सहा जुलै. त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही आमचे गळके पत्रे ठोकत होतात. आईला सांगितलेलं नाही. पुढची तारीख तेवढी मागाच.