गरव्याचं आवण

२६ जुलै

पूर आला. महिपतीची सगळी भातखाचरं बुडाली! तेजलने व्हिडिओ पाठवलाय — नदीपासून वडापर्यंत नुसतं चहासारखं पाणी. पुन्हा पुन्हा बघितला. बाजूच्या मशीनवरचा यूपीवाला म्हणाला, "भाई, लॉटरी लगी क्या?" म्हटलं, हां.

उल्हासनगरच्या शेठने जीन्सचा कारखाना अहमदाबादला हलवला, त्याच्यासोबत मीपण हललो. इथे पाऊस नाही, धूळ. आज धूळपण गोड लागतेय.

२७ जुलै

झोप नाही. ते जुनं वर्ष आठवतंय.

तेव्हाही असाच पूर. आम्ही लावलेलं भात गेलं. महिपतीचं वाचलं, वर त्याच्याकडे आवण उरलेलं — दाट, हिरवंगार. इथे आवण म्हटलं तर कोणाला कळत नाही. भाताचं रोप, लावणीसाठी वाढवलेलं. बुडालेल्याला उरलेलं आवण द्यायचं, ही आमच्या गावची रीत. मागायचंही नसतं. नुसतं बांधावर जाऊन उभं राहायचं. मालक म्हणतो, घे उपटून.

बाबा जाऊन उभे राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत. महिपती शब्द बोलला नाही. बांधावरून जुनं भांडण होतं दोघांचं. दुसऱ्या दिवशी त्याने त्या आवणात बैल सोडले. बैल खात होते, बाबा लांबून बघत होते, मी बाबांकडे बघत होतो.

मी आठवीतून शाळा सोडली. बाबा वांगणीत फार्महाऊसच्या गेटवर वॉचमन झाले. टोपी मोठी होते त्यांना. डोळ्यावर येते.

२९ जुलै

तेजलचा फोन. बहीण माझी फुल टेन्शनमध्ये. बदलापूरच्या संस्थेची चैत्रालीताई आहे ना, तिने जूनमध्येच गावातल्या बायकांना जमवून सांगितलेलं, पूर येणारच आहे, आधीच उंचावर जास्तीचं आवण टाकून ठेवा. जागा आमची, माळावरची. राखण तेजलची. जो बुडेल त्याने न्यायचं, जुनी भांडणं मध्ये आणायची नाहीत, असं सगळ्यांनी देवळात बसून ठरवलेलं.

तेजल म्हणे सगळे घेऊन गेले, महिपतीकाका तेवढे आले नाहीत. लाजत असतील. मी बोलावू का?

म्हटलं थांब. मी येतो. मीच देईन माझ्या हाताने.

"दादा, तू मोठा झालास रे," म्हणाली.

झालो ना.

१ ऑगस्ट

सुट्टी मागितली. शेठ म्हणाला, "साईं, सीझन में छुट्टी?" म्हटलं घर डूब गया. अर्धं खरं. खालचं खाचर आमचंही बुडालंय.

अजून ठरलं नाही काय करायचं. आवण त्याच्यासमोर नदीत फेकू? की बैल सोडू? आमच्याकडे बैलपण नाही आता.

३ ऑगस्ट

गावी आलो. आईने बघितल्या बघितल्या, वाळलास म्हणाली. तसाच माळावर गेलो. आणि सापडलं!

माळावर दोन वाफे. वरचा संस्थेचा, हळव्या भाताचा. हळवं लवकर होतं, दिवाळीच्या आत घरात. पुरानंतर तेच लावायचं असतं. खालच्या वाफ्यात आमचं स्वतःचं उरलेलं गरवं. गरव्याला महिनाभर जास्त लागतो. एवढ्या उशिरा लावलं तर दाणा भरायच्या आत पाऊस जातो, जमीन सुकते. नुसता पेंढा. तेजल ते फेकणारच होती.

आणि आता दोन्ही दिसायला सारखी. बिलकुल सारखी.

त्याला नाही म्हणायचंच नाही. हसून द्यायचं. वर्षभर गावाने आमचं नाव घ्यायचं आणि त्याच्या कणगीत उंदीर खेळायचे.

४ ऑगस्ट

दिलं.

तेजलला मुद्दाम बाजाराला पाठवलं. स्वतः महिपतीच्या घरी गेलो. भिंतीला कमरेपर्यंत चिखलाची रेघ. म्हातारा झालाय. म्हटलं, "चला काका, आवण घेऊन जा." मान खाली घालून मागे मागे आला.

बांधावर उभा राहिला. बाबा उभे होते तसाच. मी खालच्या वाफ्यातलं उपटून मुठी बांधायला लागलो. त्याने एक रोप उचललं, बुडाशी अंगठा फिरवला, नाकाला लावलं. म्हातारी माणसं करतात तसं.

"हळवं ना रे?"

"हळवं. तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

माझ्याकडे बघत राहिला थोडा वेळ. मग म्हणाला, "बांध."

भारा डोक्यावर घेऊन उतरला. जाताना आईने चहा दिला, तो उभ्यानेच प्यायला. संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले, त्यांना कळलेलं. "चांगलं केलंस," म्हणाले. टोपी हातात होती. मी टोपीकडे बघितलं नाही.

५ ऑगस्ट

महिपती सुनेला घेऊन चिखलात वाकलाय. लाव, लाव. एकेक रोप नीट लाव.

२१ ऑगस्ट

परत कारखान्यात. जीन्सचे खिसे शिवतो. प्रत्येक खिसा शिवताना वाटतं, हा त्याचा. रिकामा. पहिल्यांदा इथे मन लागलंय.

२० सप्टेंबर

तेजलचा फोन. आवाज वेगळा.

सगळ्यांच्या भाताला लोंब्या आल्या म्हणे, काकांच्याच नाहीत. "दादा, तू कुठल्या वाफ्यातलं उपटलंस?"

"वरच्या."

"नक्की?"

म्हटलं मी शेतकऱ्याचा नाही का, मला कळत नाही का. ती हळू आवाजात म्हणाली, चैत्रालीताई सगळी शेतं बघायला येणार आहे. काकांचं फसलं तर बायका म्हणतील आवण तेजलने खराब ठेवलं, पुढच्या वर्षी कोण भरोसा ठेवेल? माझं नाव जाईल.

मी फोन कापला. बाबांचं गेलं तेव्हा कोणी फोन केलेला?

२ ऑक्टोबर

दसरा. आमचं पिवळं पडायला लागलंय. त्याचं अजून हिरवं. फोटो झूम करून बघितला. लय भारी!

जेवताना तेजलचा आवाज आठवला. भाकरी ठेवून दिली.

१९ ऑक्टोबर

गावात कापणी. आमचंही कापून शेतातच वाळत टाकलंय. महिपती बांधावर बसून दुसऱ्यांची कापणी बघतो म्हणे. बघ. नुसतं बघताना कसं वाटतं ते बघ.

२४ ऑक्टोबर

दिवाळीत पाऊस! थांबतच नाहीये. कापलेलं सगळं पाण्यात तरंगतंय. आईने पदरात ओलं भात घेऊन दाखवलं व्हिडिओवर — दाण्याला मोड आलेत, पांढरे, किड्यासारखे. आमचं गेलं. ज्याने ज्याने हळवं लावलं त्याचं गेलं.

बाबा व्हिडिओत पाठमोरे होते.

२७ ऑक्टोबर

एकाचंच उभं आहे. त्याचं! हिरवं होतं म्हणून कापलं नव्हतं, कापलं नव्हतं म्हणून कुजलं नाही. वर या पावसाने जमीन ओली राहिली, आता दाणा भरतोय. त्याच्यासाठीच पडला जसा!

गाव काय म्हणतंय? शंकरच्या पोराने, म्हणजे मी, डोकं चालवलं! चैत्रालीताईने मीटिंगमध्ये सांगितलं, पुढच्या वर्षीपासून दोन्ही जातींचं आवण ठेवायचं, म्हणजे एक गेलं तर एक हाताशी. ग्रुपवर माझ्या नावाने अंगठे. तेजलने फक्त एवढंच लिहिलं — दादा, तू खोटं बोललास ना?

मोबाईल गादीवर आपटला. ज्याला बुडवायला गेलो तोच तरला. आणि शाबासकी मला! ही शाबासकी कुठे थुंकू?

२८ ऑक्टोबर

तेजलला 'हो' टाइप केलं, पाठवायच्या आधी पुसलं.

२१ नोव्हेंबर

आईचा फोन. महिपतीची झोडणी झाली. पहिली गोणी आमच्या दारात उतरवली, बुडालेल्या बाकीच्या घरांनाही पायली पायली दिली. आणि काल तो फार्महाऊसच्या गेटसमोर जाऊन उभा राहिला. बोलला काही नाही. सकाळपासून दुपारपर्यंत उभा. येणाऱ्या गाड्या हॉर्न देत होत्या, हलला नाही.

मग बाबांनी टोपी काढली, गेट उघडलं, म्हणाले, "ये आत. ऊन लागेल."

आई रडत होती. मला राग आला. कोणाचा, कळत नाही.

३० नोव्हेंबर

शेठच्या टेम्पोतून माझ्या नावाने पिशवी आली. नवा तांदूळ. सोबत तेजलचा व्हॉइस मेसेज, "महिपतीकाकांनी पाठवलाय. म्हणाले, सनीला सांग, हळव्याचा आहे. खास त्याच्यासाठी राखून ठेवलाय."

मूठभर हातात घेतला. गरवा.

त्या दिवशी रोपाच्या बुडाशी अंगठा फिरवला तेव्हाच कळलेलं त्याला.