गाठी मारलेला दोर

बाई, शाळेची विहीर अजून आहे. वर लोखंडी जाळी बसली, मोटर लागली, एवढंच. दर सोमवारी सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी, मी जाळीचं झाकण उघडते आणि तुमचा दोर आत सोडते. टोकाला तोच दगड, हाताहातावर गाठ. जितक्या गाठी कोरड्या, तितकं पाणी खाली. निवृत्त झाले तरी हा तास सोडला नाही. मुली येतात, मोजतात, वहीत लिहितात. म्हणजे, येत होत्या.

मागच्या महिन्यात दोर सोडायचं काम सातवीतल्या एका मुलीवर सोपवलं होतं. तिनं आकडा लिहून वही माझ्यापुढं धरली. मी दोर हातात घेतला, तर दगडसुद्धा कोरडा.

"काऊन वं, पाण्यात गेलेला दोर कोरडा कसा?"

"मागच्या सोमवारी नऊ गाठी होत्या, मॅडम. पाणी का आठ दिवसात पळून जाते?"

बाकीच्या खिदळल्या. मी सगळ्यांदेखत वहीचं पान फाडलं आणि म्हटलं, खोटं लिहिणारीनं विहिरीजवळ यायचं नाही. ती पुन्हा आली नाही. मग तिच्या मैत्रिणीही यायच्या थांबल्या. आता जाळी मी एकटीच उघडते, गाठी एकटीच मोजते, आणि वही मिटून घरी येते. बोलायला कुणी नसतं. तिनं असं का केलं, हे मी तिला विचारलंच नाही.

तुमच्या वेळी कठडा गुडघ्याएवढा होता. एकीनं वाकून मोजायचं, दुसरीनं मागून तिचा परकर घट्ट धरायचा, हा तुमचा नियम. एका सोमवारी माझी जोडीदारीण आली नाही. तुम्ही वर्गातून आलात, ओला दोर चाचपलात, वही पाहिलीत.

"एकटीच गेलती? तुले भेव नाई लागत?"

"नाई बाई."

"वाघीण हाये पोरगी!"

पुढं कॉलेजसाठी आर्वीला निघाले, तेव्हा तुम्ही एसटीच्या फाट्यापर्यंत आलात. खिडकीतून पिशवी दिलीत. आत हा दोर. "ठेव जवळ. तू खोटं नाई लिवणार," म्हणालात. बस सुटली. मी मागं वळून पाहिलं नाही.

जोडीदारीण आली नाही, त्या सोमवारी मी विहिरीपाशी गेलेच नव्हते, बाई. व्हरांड्यातल्या रांजणात दोर बुडवला होता, आदल्या सोमवारी जितक्या कोरड्या होत्या, तितक्या गाठी वर धरून. त्या पोरीला एवढंही सुचलं नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मी दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा चहा पिऊन, तब्येतीचं बोलून उठले.

उद्या सोमवार. आधी त्या मुलीच्या घरी जायचं आहे, रांजणाचं तिला सांगायचं आहे. ती हसेल, किंवा दारच उघडणार नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर लिहिता आलं. तिथं मात्र तोंडानं बोलावं लागेल.

तुम्ही विचारलं होतं ना? मले भेव लागते, बाई.