बाबांचं हसू

रविवार, पाहुणे गेल्यावर

राग अजून उतरलेला नाही. बाबांचे साहेब जेवायला आले होते, इथल्या, कोलकात्याच्या गार्डन रीच भागातल्या ऑफिसातले. बाबांना पुण्याला बदली हवी आहे आणि ती साहेबांच्याच हातात आहे.

"मुलगी काय शिकते?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, पर्यावरण शिक्षणात एमए. बेहालाच्या शाळेतली मुलं तळ्याकाठी नेते, तिथंच वर्ग घेते.

"म्हणजे सहलीच्या बाई!" साहेब हसले. मग बाबा हसले. नेहमीसारखे, साहेबांच्या किंचित मागून.

"घे की आमचाही वर्ग," साहेब अळूवडी उचलत म्हणाले.

घेतला. तळ्याकाठचा आमचा पहिला नियम सांगितला: समोरच्या प्राण्याचं नाव सांगायचं नाही, नुसतं जे दिसतं ते बोलायचं. "आता बाबांकडे बघा. ते आधी साहेबांकडे बघतात. साहेब हसले की हसतात. साहेब थांबले की थांबतात."

कुणी हसलं नाही. आईच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. साहेब ताक न घेताच उठले.

बदली गेली बहुतेक. जाऊ दे. स्वतःच्या मुलीला हसायलाही ज्याला साहेब लागतो, त्याची कीव किती करायची? की मी जास्तच बोलले? नाही. जे दिसलं तेच बोलले.

आत्ता बाबा दारात येऊन गेले. "निरीक्षण चांगलं आहे हं तुझं," म्हणाले आणि हसले. हसता हसता बघत होते, मी हसते का ते.

मी हसले नाही. मग तेही थांबले.