आत्याला प्रवास आवडत नाही

मी, येसूबाई चांगदेव भोईर, वय ७१, धंदा घरकाम, राहणार मौजे आगरखार, तालुका उरण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली न येता आणि कोणावर रुसून न बसता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी करत गेले. शेवटी त्यांनीच थांबवले.

यातला बराचसा मजकूर कोर्टाला लागत नाही, असे माझ्या वकील अमिषाताई ठाकूर यांचे मत आहे. 'आत्या, अर्धं काढूया का?' असे त्यांनी दोनदा विचारले आणि मी दोन्ही वेळा नको म्हटले. म्हणजे ते खरे नको आहे.

१. माझे यजमान लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारले. मूलबाळ नाही. तेव्हापासून मी माहेरी, माझा थोरला भाऊ हिराजी नामा घरत याच्या घरी राहत आले. दादा आणि वहिनी आता हयात नाहीत. त्यांची मुले दोन, अल्पेश आणि जागृती. अल्पेश बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात प्लॅनिंगचा साहेब आहे आणि बायको हेमाली, मुलगा शुभम यांच्यासह वरच्या मजल्यावर राहतो. जागृतीने लग्न केलेले नाही. ती उरणला एका ऑफिसात हिशेब बघते आणि माझ्यासोबत खाली राहते. माझी माणसे म्हणाल तर एवढीच.

२. घराचा तळमजला दादाने हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केला. 'घर तूच राखतंस, तं घर तुजाच,' असे तो म्हणाला होता. राखणे म्हणजे काय ते सांगते, कारण या कागदाचे सगळे घोडे तिथेच अडले आहे. आमच्या खालच्या हॉलमध्ये देव्हारा आहे. संध्याकाळी देवापुढे दिवा लागलाच पाहिजे आणि देवाच्या घराला कुलूप लावू नये, अशी रीत. म्हणून घरची माणसे सुट्टीत कुठेही गेली तरी एक जण मागे राहतो. तो एक जण मी.

सुरुवातीला तसे ठरलेले नव्हते. दादाने पहिली सहल काढली ती महाबळेश्वरची, भाड्याच्या जीपने. दिवा लावायला मी शेजारच्या मनुबाईला सांगूनही ठेवले होते. निघायच्या सकाळी दादा म्हणाला, 'येसू, तू येतंस ना?' मी म्हटले, 'मना नाय जायाचा. तुमी जा.' माझी निळी बॅग खाटेखाली भरून तयार होती. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. पाहुण्याला भाकरी वाढली तरी तो आधी नको म्हणतो, आपण पुन्हा आग्रह करतो, मग तो ताट पुढे करतो. मी पहिले नको म्हटले होते. तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न दिला आणि दुसरा आग्रह राहून गेला. जीप गेल्यावर मी बॅग रिकामी केली, मनुबाईला येऊ नको म्हणून सांगितले आणि संध्याकाळी दिवा लावला.

पुढच्या वर्षी मला विचारले नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मी नाही म्हणते, हे सगळ्यांना माहीत झाले होते.

३. पुढे अल्पेश यार्डात लागला आणि त्याने प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोर्स केला. त्याचे सर्टिफिकेट देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर आहे. तेव्हापासून आमच्या घरची सहल ही सहल राहिली नाही. टीव्हीला लॅपटॉप जोडून तो मीटिंग घेतो आणि सगळ्यांनी बसायचे असते. स्कोप, बजेट, माइलस्टोन. जे काम अडले की सगळीच सहल अडते, त्याला लाल रंग. गाडी उशिरा आली तर, विमान चुकले तर, शुभमला घाटात उलटी झाली तर, प्रत्येक संकटाला एक ओळ आणि ओळीसमोर उपाय. मी चेष्टा करत नाही. त्याच्या सहली खरोखर बिनबोभाट पार पडतात. हेमाली तो कागद माहेरी नेऊन दाखवते.

त्या कागदावर एक लाल पट्टी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जाते: घर, दिवाबत्ती, कुत्रा. जबाबदारी, आत्या. आणि वर 'गृहीतके' अशी चौकट असते, तिच्यात लिहिलेले असते: आत्याला प्रवास आवडत नाही.

गृहीतक म्हणजे काय, असे मी एकदा अल्पेशला विचारले. तो म्हणाला, 'आते, जा आपन खरा धरून चालतो, पन तपासलेला नसतो, ता. मोठे मोठे प्रोजेक्ट त्याच्यापायीच बुडतात. तपासायला पायजे.' मी बरं म्हटले आणि भांडी घासायला गेले. मला वाईट वाटले का, हे नंतर आठवून पाहिले. नाही वाटले. पूर्वी वाटायचे. मग वाटणे बंद झाले. केव्हा, ते सांगता येणार नाही.

४. स्वयंपाकघरातला फ्रीज हेमालीला द्यावा, त्यावरच्या चुंबकाच्या चित्रांसकट. ती चित्रे तिनेच आणलेली आहेत. जयपूरचा उंट, म्हैसूरचा राजवाडा, काश्मीरची नाव, अशी मी न पाहिलेली बरीच गावे तिथे आहेत. हेमाली मनाने चांगली आहे. काश्मीरहून तिने व्हिडिओ कॉल केला आणि 'आते, बघ, बघ, सरोवर' म्हणत फोन चहूकडे फिरवला. मी बोंबील साफ करत होते. छान आहे म्हटले. हात खराब होते म्हणून फोन लगेच ठेवता आला नाही, नाहीतर ठेवला असता.

५. बाबांची मिठागरात मीठ ओढायची लांब दांड्याची लाकडी फळी माळ्यावर आहे. मिठागराच्या जागेवर आता यार्ड आहे, तेव्हा ती कोणाच्या कामाची नाही. शुभमला द्यावी. त्याने दांडा काढून कपडे वाळत घालायला वापरला तरी माझी हरकत नाही.

६. देव्हारा. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात सगळे मनालीला गेले होते. जागृतीही गेली होती. मी मोरीत घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. मनुबाईने हाक ऐकली, गाडी बोलावून पनवेलला दवाखान्यात नेले आणि अल्पेशला फोन लावून माझ्या कानाला धरला. तो म्हणाला, 'आते, टेन्शन घेव नको. ही रिस्क आपन धरलेलीच हाय. जागू निगाली.' घरी आल्यावर मी फ्रीजवर लावलेला सहलीचा कागद पाहिला. धरलेली होती. आत्या आजारी: शक्यता कमी. सहलीवर परिणाम: मोठा. उपाय: जागृती.

जागृती दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या अंगात स्वेटर होता. मे महिना आणि पनवेल. ज्या सकाळी सगळे बर्फ बघायला वर जाणार होते, त्याच सकाळी ती खाली येणाऱ्या बसमध्ये बसली होती. मी म्हटले, तुझा बर्फ राहिला. ती म्हणाली, 'बरा झाला. मना थंडी सोसतच नाय.' मग स्वेटर न काढता खुर्चीतच झोपली. तिला थंडी सोसते. लहान असताना फ्रीजमधला बर्फ खरवडून ताटलीत घ्यायची आणि बोटे लाल होईपर्यंत खेळत बसायची.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. अल्पेश मनालीहून रोज फोन करून दिव्याचे विचारायचा आणि जागृती रोज 'लावला' म्हणायची. ती माझ्या खाटेपासून हललीच नव्हती. कुत्र्याला मनुबाई जेवण घालत होती. घराला कुलूप होते आणि देव अंधारात होते. काही झाले नाही. माझे हाड जुळले, अल्पेशला बढती मिळाली, शुभम बऱ्या मार्कांनी वरच्या वर्गात गेला.

सबब देव्हारा, त्यातले देव आणि पितळेची समई मी अल्पेश यास देत आहे. त्याने ते वर न्यावेत. देव त्याचे झाले की दिवाबत्तीची लाल पट्टीही त्याच्या नावाची झाली. पुढे उपाय काय काढायचा ते त्याने बघावे. त्यात त्याचा हात धरणारे कोणी नाही.

७. आता मुद्द्याचे. गेल्या रविवारी दिवाळीच्या सहलीची मीटिंग झाली. केरळला जायचे आहे. जागृती कोलंबी सोलत बसली होती. अल्पेश टीव्हीकडे बघत म्हणाला, 'जागू, तुजा काय?' जागृतीने मान वर केली नाही. म्हणाली, 'मना नाय जायाचा. तुमी जा.' अल्पेशने मान हलवली आणि टाइप केले. घर, दिवाबत्ती, कुत्रा. जबाबदारी, जागृती. माझे नाव पुढे कंसात गेले, मदतीला म्हणून. मग हॉटेलची ओळ आली.

अंगावर काटा आला असे लिहायला बरे दिसले असते. आला नाही. मला एवढेच कळले की हे वाक्य माझे आहे आणि तिने ते माझ्याच आवाजात म्हटले. जेवल्यावर मी तिच्या खाटेखाली पाहिले. बॅग होती. भरलेली नव्हती, पण पुसून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी अमिषाताईंकडे गेले.

८. घराचा तळमजला, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, मी माझी भाची जागृती हिराजी घरत हिला देत आहे. तो तिच्या एकटीच्या मालकीचा राहील आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क राहणार नाही. अट एकच, तिने वर्षातून एकदा तरी त्याला बाहेरून कुलूप लावून गावाला जावे. अमिषाताई म्हणतात, अशी अट कोर्टात टिकायची नाही. मग ती विनंती समजावी. माझी बँकेतली ठेवही तिचीच. निळी बॅगही तिला द्यावी, आतल्या गोधड्या काढून. तिची चेन अजून एकदाही अडकलेली नाही, कारण ती फारशी उघडलीच गेली नाही.

९. मनुबाईला मी या मृत्युपत्राने काही देत नाही. ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. तिला माझा मसाल्याचा पितळी डबा हवा आहे, हे ती वीस वर्षे बोललेली नाही. तो तिला मी आजच संध्याकाळी नेऊन देणार आहे.

१०. हे सगळे पार पाडण्यासाठी मी अल्पेश यास नेमते. आमच्या घरात त्याच्याइतके नीट काम दुसरे कोणी करत नाही. तो याचाही कागद बनवील. त्या कागदावर पहिले काम मी सांगते ते घालावे, आणि त्याला लाल रंग द्यावा.

अल्पेशने लॅपटॉप बंद करून, जागृतीच्या समोर बसून, तू येतेस का असे विचारावे. ती नाही म्हणेल. मग पुन्हा विचारावे. त्या वेळी कोणी हॉर्न वाजवू नये. मला राग नाही, पण तिने माझ्या जागी बसलेले मला बघवत नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. एवढे एकच मला अजून वाटते.

मृत्युपत्र मेल्यानंतर वाचतात, दिवाळी त्याआधी येईल, असे अमिषाताईंनी लक्षात आणून दिले. म्हणून या कलमाची एक प्रत मी आजच फ्रीजवर, केरळच्या कागदावर लावणार आहे. उंटाचे चुंबक घट्ट बसते.

मला मात्र आता विचारू नये. मला आता खरोखरच जायचे नाही. हे कोणी गृहीत धरायला नको, मी सहीनिशी लिहून देत आहे.

वरील मजकूर अमिषाताईंनी माझ्या हस्तलिखितावरून टाइप करून साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि मी तो बरोबर असल्याचे सांगितले. वाचून झाल्यावर मनुबाई पेन हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, 'येसू, खराच नाय जायाचा तुना?' जाण्याचे दुसऱ्यांदा मला आजवर कोणी विचारले नव्हते. 'मला मात्र आता विचारू नये' हा शेवटचा परिच्छेद काढायचा का, असे अमिषाताईंनी विचारले. मी राहू दे म्हटले. एवढे मात्र खाली टाइप करून घ्यायला सांगितले, की मनुबाईला मी अजून उत्तर दिलेले नाही.

ठिकाण: उरण
दिनांक: १६ सप्टेंबर २०२५

लिहून देणार: येसूबाई चांगदेव भोईर (सही)

येसूबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली.

साक्षीदार:
१. मनुबाई जनार्दन म्हात्रे, राहणार आगरखार (सही)
२. विनेश काशिनाथ कडू, औषध दुकानदार, राहणार उरण (सही)