अकरा वाजून वीस मिनिटे

ता. जत, जि. सांगली
दिनांक १४ नोव्हेंबर

प्रिय गुंडा,

तू सांगलीस मुलीच्या घरी सुखरूप आहेस, जेवण गिळता येऊ लागले आहे आणि काठीच्या आधाराविना अंगणापर्यंत चालतोस, हे तुझ्या राहीबाईकडून समजले. समाधान वाटले. उजवा हात मात्र अद्याप मूठ धरीत नाही, हेही तिने सांगितले. हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस. तू दुसरीपर्यंत शिकला आहेस, म्हणून अक्षरे मुद्दाम मोठी व सुटी काढली आहेत. चौथीत असताना माझ्या अक्षराला गुरुजींनी पूर्ण गुण दिले होते, हे तुला ठाऊकच आहे. सावकाश वाच, परंतु स्वतः वाच.

राहीबाई मेंढरांची व्यवस्था पाहण्यास दोन दिवस वाडीवर आली, तेव्हा तिने तुझी भाकणुकीची काठी, घुंगरांसह, माझ्या दारात आणून उभी केली. म्हणाली, "भाऊजी, धन्यानं सांगितलंय, आता ही थोरल्याच्या हाती शोभंल. तुमीच त्येंचा जीव वाचवला." आणि माझ्या पाया पडली. काल सकाळपासून काठी उंबऱ्याबाहेर उभी आहे. मी तिला हात लावलेला नाही. लोक माझ्याविषयी म्हणतात, बिराप्पा मानापानासाठी अडून बसला आहे, वाजतगाजत दिल्याशिवाय घेणार नाही. म्हणू देत. बावीस वर्षांपूर्वी वडील गेले आणि बिरोबा थोरल्याच्या अंगात न येता धाकट्याच्या अंगात आला, तेव्हाही लोक पुष्कळ बोलले होते.

आता शाळेची हकीकत लिहितो, कारण सर्व गोष्टी तेथूनच निघाल्या. जूनमध्ये आपल्या शाळेत स्वप्नाली नावाच्या बाई बदलून आल्या. कराडच्या. कृष्णा-कोयनेचे पाणी पिऊन वाढलेली मुलगी, जिथे माणसे टँकरची वाट पाहतात अशा गावी आनंदाने येते, यातच मला काहीतरी काळेबेरे दिसले. त्यात त्यांनी पाचवीच्या मुलांना पुस्तकाबाहेरचा धडा शिकवण्यास आरंभ केला. माणसाच्या अंगावरून वारे जाते, त्याला पक्षाघात म्हणतात. तो कसा ओळखावा, हा तो धडा. तोंड वाकडे होते का, हात खाली पडतो का, बोलणे अडखळते का, हे पाहायचे. घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवायची आणि तत्काळ एकशे आठला फोन करायचा. औषधपाणी, अंगारा, मालीश काही करीत बसायचे नाही. डोक्यातील रक्ताची गाठ विरघळवणारी सुई साडेचार तासांच्या आत मिळाली तरच उपयोगाची, आणि जितकी लवकर तितके अंग वाचते, असे त्या मुलांकडून पाठ करून घेत.

आमच्या प्रांजलने हा धडा घरी आणला. नात माझी, परंतु लक्षणे हेराची. रोज सकाळी मी चूळ भरून बसलो की समोर उभी. "आजा, हसा की. दात दावा. आता दोनी हात वर करा. आता कायतरी बोला, सरळ एक वाक्य." पहिल्या दिवशी मी हसलो. तिसऱ्या दिवशी मला शंका आली. सुनेने तर हिला शिकवून पाठवले नसेल? म्हाताऱ्याची बुद्धी शाबूत आहे की नाही, याची रोज मोजणी चालली आहे आणि एके दिवशी धनाजी म्हणेल, बापाला आता कळत नाही, जमिनीचे कागद माझ्याकडे द्या.  मी सातबारा उताऱ्यांची पिशवी पेटीतून काढून उशाखाली ठेवली.

पुढे तिने एक छापील कागद आणला. त्यावर चार चित्रे होती व खाली लिहिले होते, 'मला हा धडा समजला आहे.' त्याखाली घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची सही. गुंडा, मी तो कागद चार वेळा वाचला, उलटून पाहिला, उन्हात धरून पाहिला. गेल्या साली पवनचक्कीवालेही असाच गोड मजकुराचा कागद घेऊन आले होते. मी सही केली नाही. वर्गात एकट्या प्रांजलचा कागद कोरा राहिला. ती रडली नाही, कागद दप्तरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा म्हणाली, "आजा, हसा की." मी तोंड फिरवून बसलो.

आता जत्रेचा दिवस. तुला त्यातील काही आठवत नाही असे राहीबाई म्हणाली, म्हणून सांगतो. तू घोंगडी पांघरून, काठी उजव्या हाती घेऊन देवळापुढे उभा राहिलास. ढोल चढले. देवाच्या तोंडून पावसापाण्याची भाकणूक ऐकण्यास सारी वाडी आणि शेजारची तीन गावे श्वास धरून होती. तुझ्या तोंडून शब्द फुटेना. फुटला तो जड, गोळा होऊन आलेला. मागून कोणी म्हणाले, "देव कानडी बोलतोय रं!" सीमेपलीकडचे दोघे होते, ते म्हणाले, ही कानडी नव्हे. तेव्हा ठरले की ही जुनी कानडी असावी. नानासो पाटील हात जोडून अर्थ लावू लागले. मग तुझ्या हातातून काठी पडली आणि नानासो ओरडले, "काठी टाकली! पाऊस न्हाई गड्या औंदा!" बायका रडू लागल्या. लोकांनी तुझ्या तोंडावर मुठीमुठीने भंडारा उधळला. त्या पिवळ्या धुरळ्यात तुझे तोंड कोणत्या बाजूला गेले आहे, हे पाहणार कोण?

प्रांजलने पाहिले. ती माझ्या शेजारी उभी होती. तिने माझे धोतर ओढले. "आजा, गुंडा आज्याचं तोंड वाकडं झालंय. हात बी पडला. ह्यो देव न्हाई, ह्यो झटका हाय. किती वाजलं?" मी मनगटावरील घड्याळ पाहिले आणि सांगितले, अकरा वाजून वीस मिनिटे. ती म्हणाली, "मंग फोन लावा की!" मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिचे मनगट धरले. देवाच्या अंगणात देवाला खोटे ठरवणारी पोर, आणि तीही माझ्या घरातली! हेच शिकवण्यास त्या बाई कराडहून आल्या, अशी माझी त्या क्षणी खात्री झाली. बारा वाजून पाच मिनिटांनी तू गुडघ्यावर कोसळलास. माझी पकड सैल झाली. तिने माझ्या सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, देवळामागे पळाली आणि एकशे आठ लावला. पत्ताही तिनेच सांगितला. तो फोन माझ्या नावावर आहे, म्हणून श्रेय माझ्या नावावर पडले. मी ते पडू दिले.

रुग्णवाहिकेत तुझ्याजवळ राहीबाई बसली. मागे धनाजीच्या जीपमध्ये मी आणि प्रांजल. पावणेतीन वाजता सांगलीच्या दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी राहीबाईला विचारले, त्रास कधी सुरू झाला? ती नैवेद्याच्या चुलीपाशी होती, तिला माहीत नव्हते. तेव्हा त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, बारा वाजता. प्रांजल माझ्या मागून पुढे आली. मग डॉक्टरांना म्हणाली, "न्हाई साहेब, अकरा ईस. आजानंच घड्याळ बघून सांगितलंय." डॉक्टर चिडले. म्हणाले, "बाबा, नक्की सांगा. वेळ चुकली तर हीच सुई जीव घेईल." मी मान खाली घातली. त्यांनी पोरीची वेळ लिहून घेतली आणि तिच्या शब्दावर तुला सुई दिली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, थोडे आधी निघाला असता तर हात कदाचित वाचला असता. प्रांजलने घरी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नाही. पहिले काही दिवस मला वाटे, हे मौन ती माझ्याविरुद्ध जपून ठेवीत आहे. माझा संशयी स्वभाव तुला नवा नाही.

आता जे लिहिण्यासाठी बसलो ते लिहितो. देवाचा अपमान होईल म्हणून मी पोरीला अडवले, हे वर लिहिले ते खरे आहे, परंतु अर्धे. बावीस वर्षे माझ्या मनात होते की तू सोंग करतोस. त्या दिवशी तुझी जीभ अडखळली, तेव्हा मला वाटले, आज याचे सोंग फसले. उभ्या जत्रेत फजिती होऊ दे. घड्याळ पाहिल्यावर, याला किती वेळ रेटता येते तेही बघू, हाच विचार मनात आला. आणि तेवढ्यात तू माझ्याकडे पाहिलेस. देव अंगात असताना तू कधी कोणाकडे पाहत नाहीस. लहानपणी विहिरीत तुझा पाय घसरला होता, तेव्हा पाण्यातून जसे पाहिले होतेस तसे पाहिलेस. मला त्याच क्षणी कळले, गुंडा. कळूनही मी पंचेचाळीस मिनिटे पोरीचे मनगट सोडले नाही. तुझी मूठ माझ्या मुठीत गेली. म्हणून काठीला हात लावला नाही, लावणारही नाही. तुझे काय म्हणणे असेल ते कळव. न कळवलेस तरी माझी तक्रार नाही. आज सकाळी मी स्वतः प्रांजलला हाक मारली आणि तो कागद मागितला. ती म्हणाली, आधी परीक्षा. मी दात दाखवले. दोन्ही हात वर केले. सरळ एक वाक्य बोलायचे होते. मी म्हणालो, "गुंडा माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं होतं." तिने दप्तर उघडून तो कोरा कागद काढला. मग कागद पुढे सरकवून म्हणाली, "बोलणं साफ हाय, आजा. करा सही."

तुझाच, विहिरीत एकदा उडी घेतलेला,
थोरला भाऊ बिराप्पा