पायपंप

आबा, तुमच्या घशातून निघालेल्या त्या चिकट, पिवळट कफाची मला आजही शिसारी येते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, मी पन्नाशी ओलांडली, तरी शेजारी कुणी खाकरले की घास तोंडात फिरतो. हे तुमच्याजवळ मी कधी बोललो नाही.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. पिंपळीच्या शिवारात उसाला पाणी देताना तुम्हाला नाग चावला. मी बी.कॉम. होऊन इंदापूरच्या एका कचेरीत नुकताच लागलो होतो; निरोप मिळताच एस.टी.ने बारामतीच्या दवाखान्यात पोहोचलो. विषाने तुमचे हातपाय, पापण्या आणि गिळण्याची शक्ती गेली होती. घशात नळी होती, नळीला श्वासयंत्र. आत कफ साचून घरघर सुरू झाली की सिस्टर त्या नळीतून दुसरी बारीक नळी सारून तो ओढून घेत. काचेच्या बरणीत तो साठत जाई : फेसाळ, तारा सुटणारा, मध्येच रक्ताची रेघ. "त्यांना सगळं ऐकू येतं," असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून मी तोंडातली 'शी' गिळली आणि भिंतीकडे पाहात राहिलो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज जाते. डॉक्टर श्वासयंत्र काढून नळीला लावलेला श्वास देण्याचा फुगा हाताने दाबू लागतात. सिस्टर कफ ओढायचा, पायाने चालवायचा पंप माझ्यापुढे सरकवतात. "दादा, दाबत ऱ्हावा. मी थांबा म्हणेपर्यंत सोडायचं न्हाय." फुगा बाजूला होतो, बारीक नळी आत जाते, मी दाबतो. पहिला गोळा बरणीत पडतो, आंबूस भपकारा येतो, माझी मान वळते आणि पाय आपोआप वर येतो. ओढ तुटते. अर्धवट निघालेला कफ मध्येच अडकतो. तुमचे ओठ काळेनिळे पडतात.

"आवो, तोंड काय फिरवताय? बाप हाय न्हवं तुमचा? दाबा!"

मी दाबले. कफ निघाला, फुगा पुन्हा लागला, ओठांचा रंग परतला. मी बाहेर जाऊन ओकलो, आणि पंप सदोष होता असे नातेवाइकांना सांगितले.

तुम्ही बरे होऊन घरी आलात. पारावर सांगत सुटलात, "माझ्या पोरानं पाय मारून मारून माझा दम चालू ठिवला." कुणीतरी हसून म्हणाले, "बी.कॉम.ला पंप मारायला बी शिकवत्यात व्हय, आबा?" तुम्हीही हसलात. पुढची सगळी वर्षे येईल त्या पाहुण्याला तुम्ही ते ऐकवलेत, आणि मी शेजारी बसून मान खाली घालत असे. लोकांना तो विनय वाटे.

हा कागद कुठेही जायचा नाही, म्हणून एक दुरुस्ती करतो. पाय आपोआप वर आला, असे मी लिहिले आहे. तो मी उचलला. हे एकदाचे थांबावे, असे त्या क्षणी वाटले होते. 'हे' म्हणजे तो वास, ती घरघर. तुमचा श्वास नव्हे, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. खात्री मात्र नाही.